मावळतीकडे पडलेली सावली

जळगाव, ता. २९ नोव्हेंबर १९२७

चि. अभिमन मास्तर यास रुपचंदचा आशीर्वाद.

दिवाळीत तू बहिणीकडे आला नाहीस, म्हणून तुझी अक्का अजून माझ्यावर रागावलेली आहे. यात माझा काय दोष, हे मी विचारीत नाही. विचारले की उत्तर मिळते. आज मात्र हे पत्र कामाचे आहे. तुझ्या बी.ए.चा या घराला आजवर काही उपयोग झाला नाही, तो आता व्हावा अशी इच्छा आहे.

यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी मोहपाणी नावाचा पाडा आहे. थोड्याच झोपड्या, कोरडवाहू जवार, बाकी मोहाची फुले नि जंगलातली मजुरी. गेल्या आठवड्यात, अमावास्येच्या अलीकडे, दिवेलागणीच्या सुमारास तिथे मोठा उजेड झाला आणि तोफेसारखा आवाज आला. आवाज यावलपर्यंत गेला. लोक घराबाहेर येऊन म्हणाले, भुसावळला काहीतरी उडाले. दुसऱ्या दिवशी फौजदार पाड्यात गेले, तर सिंगा पावऱ्याच्या शेतात दीड हाताचा नवा खड्डा आणि त्यात एक काळा दगड. पाड्याचे म्हणणे, दगड आभाळातून आला. फौजदारांचे म्हणणे, सिंगा पूर्वी भुसावळकडे एका ठेकेदाराच्या खाणीवर सुरुंग भरीत असे, त्या खाणीतली सुरुंगाची दारू दिवाळीत चोरीस गेली आहे, आणि सातपुड्यात काळ्या दगडांना तोटा नाही. सिंगा यावलच्या कोठडीत आहे. त्याची बायको रुपली रोज येऊन कचेरीच्या ओट्याखाली बसते. काही मागत नाही. बसते.

आमच्या प्रांतसाहेबांना फौजदारांचे बोलणे पुरते पटलेले नाही. त्यांनी मला पाड्यात पाठवले, जबान्या घेऊन इंग्रजीत अहवाल लिहायला सांगितले. तो पटला तर सिंगा घरी. नाही पटला तर खटला, आणि मग दोन-तीन वर्षांची गोष्ट. मी अहवाल लिहिला. साहेबांनी परत पाठवला. समासात निळ्या पेन्सिलीने एवढेच लिहिले होते: दगड पडला, की नाही पडला?

मसुदा सोबत आहे. इंग्रजी सुधारून दे. आणि धुळ्यात त्या संध्याकाळी कोणी काही पाहिले काय, तेही कळव.

रुपचंद


धुळे, ता. २ डिसेंबर

ति. नानांस अभिमनचा नमस्कार.

मसुदा वाचला. साहेबांनी निळी पेन्सिल का उचलली, ते पहिल्या वाक्यातच समजले. त्या एका वाक्यात तुम्ही 'मे', 'परहॅप्स' आणि 'पॉसिब्ली' असे तीन शब्द घातले आहेत. एका दाराला तीन पहारेकरी दिसले, की आत काही गडबड आहे असे येणाऱ्याला वाटते. पुढे 'इट इज नॉट इम्पॉसिबल दॅट' असे आहे. अशक्य नाही, म्हणजे शक्य आहे ना? मग तसे म्हणावे. आणखी पुढे 'आय हॅव अ डाउट दॅट अ स्टोन फेल'. दगड पडला असावा असा माझा अंदाज आहे, असे तुम्हाला म्हणायचे आहे. पण इंग्रज वाचील तेव्हा त्याला कळेल की दगड पडला यावर तुमचाच विश्वास नाही. हे वाक्य एकटेच सिंगाला आत ठेवायला पुरेसे आहे.

माझ्या वर्गातली मुलेही असेच लिहितात. चूक झालीच तर ती निदान नम्रपणे व्हावी, असे त्यांच्या मनात असावे. नाना, रागावू नका, पण कचेरीत आयुष्य गेलेल्या माणसाची भीती या कागदावर ओळीओळीत दिसते. साहेबांनी प्रश्न विचारला आहे, तर त्यांना उत्तर हवे आहे, मुजरा नको.

तेव्हा मी असे केले आहे. एका वाक्यात शंका दाखवणारा एकच शब्द, आणि तोही जिथे अगदी हवा तिथेच ठेवला. साक्षीदारांच्या तोंडचे सगळे 'परहॅप्स' काढले आणि चौघांनाही एक साधे, घट्ट वाक्य दिले: आभाळातून तेजस्वी वस्तू पडताना पाहिली, लगेच मोठा आवाज ऐकला, आणि त्या जागी खड्ड्यात काळा दगड आढळला. वाचून पाहा. मला स्वतःला ते बरे वाटले, हे कबूल करतो.

धुळ्यात कोणी काही पाहिल्याचे माझ्या ऐकण्यात नाही.

अक्काला नमस्कार. सुगंधा म्हणते, संक्रांतीला आम्ही येऊ. निदान तिने तसे ठरवले आहे.

अभिमन


जळगाव, ता. ९ डिसेंबर

चि. अभिमन यास आशीर्वाद.

तुझा अहवाल साहेबांनी उभ्याउभ्याच वाचला. हे इंग्रजी कोणाचे, असे विचारले. मी सांगितले, माझ्या मेहुण्याचे. चांगले आहे, म्हणाले. मी माझ्या जागेवर परत येऊन खुर्चीत जरा सैल बसलो.

मग फौजदार आले. त्यांनी कागद वाचला आणि एवढेच विचारले की एक म्हातारी, एक गुराखी, एक बाई आणि खुद्द आरोपी, ही चार माणसे एकाच तोंडाने कशी बोलतात? साहेबांनी पुन्हा वाचले. दुसऱ्या दिवशी गुंताबाईला पाड्यातून बोलावून घेतले. ही सिंगाची शेजारीण, वयाने मोठी. साहेबांनी माझ्यामार्फत विचारले, तू काय पडताना पाहिलेस? ती म्हणाली, काही नाही. भिंतीकडे तोंड करून ती शेणी थापत होती. भिंत पांढरीफेक झाली, तिच्या हाताची बोटे भिंतीवर काळी उमटली, ती घाबरून खाली बसली. पडताना तिने काही पाहिलेच नाही.

साहेबांनी माझ्याकडे पाहून विचारले, "खोटे कोण बोलते, ही बाई की हा कागद?"

अभिमन, बाई खोटे बोलत नव्हती. माझ्या पहिल्या मसुद्यात तिची भिंत होती. वाक्य वेडेवाकडे होते, पण भिंत होती. आता साहेबांना वाटते की पाड्याला कोणीतरी पढवले आहे. बावीस तारखेला ते शेवटचे ठरवणार. तोवर सिंगा आत.

तुला दोष देत नाही. कागदावर सही माझी आहे. पण तू भीती म्हणालास, त्याबद्दल लिहायचे आहे. कचेरीची भीती मला नाही असे नाही. ती पगाराबरोबरच येते. पण ते 'परहॅप्स' साहेबांच्या भीतीने पडलेले नव्हते.

मोहपाणीला गेलो तेव्हा दगड मोहाच्या झाडाखाली ठेवला होता. त्याला कोणी शेंदूर लावला नव्हता. मला नवल वाटले. विचारले तर आमश्या गुराखी म्हणाला, तो कोण आहे ते अजून कळले नाही, मग काय लावायचे? दगड नारळाहून थोडा मोठा. साल करपलेल्या भाकरीसारखी काळी, आणि ओल्या मातीत अंगठे दाबावेत तसे वर खळगे. एका कोपऱ्याची कपची उडाली होती. आत राखाडी, त्यात बारीक चकाकी. मी त्यावर हात ठेवला. थंड होता. उचलायला गेलो तर दिसतो त्याच्या दुप्पट जड. आणि माझ्या मनात आले की हा जिथे होता, तिथे आजवर कोणाचा हात पोहोचलेला नाही. मी हात काढून घेतला. पुन्हा ठेवला. पाड्यातली माणसे माझ्याकडे बघत होती आणि कोणी हसले नाही.

नंतर लिहायला बसलो तर 'फेल', म्हणजे पडला, हा शब्द लिहवेना. आंबा पडतो. हातातले भांडे पडते. हे जे झाले, त्याला तोच शब्द कसा वापरू? म्हणून त्याच्या अलीकडे पलीकडे काहीतरी ठेवीत गेलो. इंग्रजी येत नसल्यामुळे तिथे 'परहॅप्स' पडले. दुसरे काही येत असते तर ते ठेवले असते.

तुझी अक्का शेजारी बसून सांगते ते तिच्याच बोलीत लिहितो: "भाऊ, तुन्हा इंग्रजीले नाव ठेवानी मन्ही लायकी नही. पन बठ्ठा साक्षीदार एकच वाक्य बोलतस, मंग त्या मानसे शेतस का पोपट? ती रुपली कचेरीसमोर बशेल शे. हाई ध्यानमा ठेव."

रुपचंद


धुळे, ता. ११ डिसेंबर

ति. नाना,

तुमचे पत्र आल्यापासून दुसरे काही सुचत नाही. भीती हा शब्द मी परत घेतो. मी ज्याला कारकुनाची भीती समजलो, ते तुम्ही त्या दगडावर हात ठेवल्याचे चिन्ह होते. मी ते खोडरबराने पुसले आणि वर शाबासकीची वाट पाहिली.

आता काय करायचे, ते आधी लिहितो. मग दुसरे एक सांगायचे आहे. तुम्ही पुन्हा पाड्यात जा. चौघांना वेगवेगळे विचारा. काय पाहिले ते, आणि काय पाहिले नाही तेही. दोन्ही लिहून घ्या. शंका वाक्यात कालवायची नाही. जे दिसले त्याचे एक वाक्य, अगदी धीट. जे दिसले नाही त्याचे दुसरे, तेवढेच धीट. गुंताबाईने पडताना काही पाहिले नाही, हे तिच्याच जबानीत पहिल्या ओळीला लिहा. 'नॉट सीन', 'नॉट नोन' हे शब्द इंग्रजीत पूर्ण सभ्य आहेत. ते कचेरीत कोणी वापरीत नाही, ही गोष्ट वेगळी.

आता दुसरे. धुळ्यात कोणी काही पाहिल्याचे माझ्या ऐकण्यात नाही, असे मी तुम्हाला लिहिले. ऐकण्यात नाही, हे खरे होते. मी वाक्य असे रचले की ते खरे राहावे.

त्या संध्याकाळी मी पांझरेच्या पात्रात फिरत होतो. शाळा सुटल्यावर रोज जातो. सूर्य मावळून गेला होता. समोर पश्चिमेला थोडा तांबूस उजेड, आणि वाळूवर कशाचीच सावली उरलेली नव्हती. मी मावळतीकडे चाललो होतो. एकाएकी माझ्या पुढे, वाळूवर, माझी सावली उगवली. काठीसकट. नाना, ती मावळतीकडे पडली होती. सूर्य जिथे नुकताच गेला, त्या दिशेला माझे डोके होते. तिच्या कडा इतक्या स्वच्छ होत्या की धोतराचा सोगाही वेगळा दिसत होता. मग ती उजवीकडून डावीकडे फिरली, फिरता फिरता लांब झाली, आणि वाळू पुन्हा होती तशी झाली. मी उभा होतो. मी हललो नव्हतो. माझी सावली माझ्याभोवती फिरून गेली.

मागे वळून पाहिले तेव्हा पूर्वेला काही नव्हते. एक फिकट रेघ होती असे वाटते, पण ते मी तुमचे पत्र वाचल्यानंतर वाटू लागले की आधीपासून, हे सांगता येत नाही.

हे मी कोणाला बोललो नाही. कारण असे, की गेले वर्षभर माझ्या डाव्या डोळ्यात मधूनमधून वीज चमकल्यासारखे होते. डॉक्टर म्हणाले, वाचन कमी करा. मला वाटले, हे त्यातलेच, पण जास्त झाले. घरी येऊन मी एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून भिंतीकडे बघत बसलो. सुगंधाने विचारले, तर डोके दुखते म्हणालो. तुमचे पहिले पत्र आले तेव्हासुद्धा मनाने हाच निकाल दिला की डोळा आहे.

गुंताबाईच्या भिंतीने तो निकाल फिरवला. मसुद्यात ती भिंत होती, पण तेव्हा मी फक्त इंग्रजी पाहत होतो. आता तिच्या बोटांची सावली भिंतीवर पडली, हे वाचले आणि हातातले पत्र खाली ठेवले. डोळ्यातल्या विजेने सावली पडत नाही. सावली पडायला उजेड बाहेरच हवा. एवढी साधी गोष्ट मला सुचायला एका म्हातारीच्या शेणी लागल्या.

तरी शंका जात नाही. आपल्याला जे पाहायचे असते ते आठवणीत तयार होते, हे मी स्वतःच्या बाबतीत पूर्वी अनुभवले आहे. तेव्हा हे तुमच्यापाशीच ठेवा. माझे ठरले की लिहीन.

अभिमन


जळगाव, ता. १५ डिसेंबर

अभिमन,

तुझे ठरेपर्यंत सिंगाचे आयुष्य जाईल. हे पत्र मोहपाणीहून परत आल्यावर, पायातल्या वहाणा न काढता लिहितो आहे.

दीड हाताच्या खड्ड्यातली दारू पेटली तर तिचा उजेड धुळ्यात कसा दिसेल, मास्तर? मधे तापी आहे, चोपडा आहे, अमळनेर आहे, अर्धा खानदेश आहे. फौजदारांच्या सगळ्या बोलण्याला तुझी सावली पुरून उरते. आणि ती तू माझ्यापाशी ठेवायला देतोस. अक्काला वाचून दाखवले. तिचे म्हणणे असे, की लहानपणी कैरी आंबट आहे की नाही याचा विचार करीत तू ती हातातच ठेवायचास आणि ती खाऊन टाकायची.

तू सांगितलेस तसे चौघांना वेगवेगळे विचारले. आमश्याने पडणारे काही पाहिले नाही. आवाजाच्या आधीच गुरे उधळली, तो त्यांच्यामागे धावत होता आणि वाटेवरचा प्रत्येक खडा त्याला दिसत होता, एवढे त्याला आठवते. गुंताबाईची भिंत तुला माहीत आहे. रुपलीने आभाळाकडे पाहिलेच नाही. ती नवऱ्याकडे पाहत होती, कारण तो शेतात पालथा पडला होता आणि तिला वाटले, मेला. ती त्याच्याकडे धावली तेव्हा तिला खड्डा दिसला. त्याआधी तो तिथे नव्हता, हे ती ठाम सांगते. सकाळी तिथेच तिने तुरीच्या शेंगा तोडल्या होत्या.

सिंगाला यावलला कोठडीत भेटलो. फौजदारांसमोरच विचारले. तो म्हणाला, डोक्यावर दिवस उगवला, मी तोंड मातीत घातले. मग आवाज झाला. मग माती अंगावर आली. दगड येताना मी पाहिला नाही. फौजदार दाराकडे गेले तेव्हा मी त्याला हळूच म्हणालो, अरे, पाहिला म्हणालास तर बरे पडेल. हो, अभिमन, मी असे म्हणालो. माझ्या पन्नाशीला शोभत नाही, पण रुपली बाहेर बसली होती. त्याने मान हलवली. तोंड मातीत असताना कसे दिसेल, म्हणाला.

चौघांपैकी एकानेही दगड पडताना पाहिलेला नाही. तसेच लिहिले आहे. या वेळी मी भ्यालो आहे, हे खरे. पण कागदावर ते कुठे दिसत नाही, असे वाटते. आता तुझी सही केलेली जबानी बावीसच्या आत हवी.

रुपचंद


धुळे, ता. १७ डिसेंबर

ति. नाना,

जबानी सोबत आहे. कितीतरी मसुदे फाडले. गंमत सांगतो. मुलांना जे शब्द मी वर्षानुवर्षे खोडायला लावतो, ते एकामागून एक माझ्याच टाकातून उतरत होते. पहिल्या मसुद्यात 'परहॅप्स' होता. तो काढला तर 'इट सीम्ड टु मी' आला. तो काढला तर 'इफ आय मिस्टेक नॉट'. वाटले, माझ्यासारख्या माणसाला सरळ बोलताच येत नाही. मग लक्षात आले की सावलीबद्दल मला शंका नाहीच. शंका आहे ती डोळ्याबद्दल, रेघेबद्दल, आणि ते काय होते याबद्दल. मी त्या सगळ्या शंका सावलीवर लादत होतो. प्रत्येकीला तिची तिची जागा दिली, तेव्हा सावलीचे वाक्य एकदम उभे राहिले. शंकेचा एकही शब्द त्यात घालवेना.

अक्काला कळावे म्हणून मराठी करून देतो:

"मी धुळे येथे शिक्षक आहे. त्या दिवशी सूर्यास्तानंतर मी पांझरा नदीच्या पात्रात पश्चिमेकडे चालत होतो. वाळूवर सावल्या नव्हत्या. माझ्या मागून तीव्र उजेड आला आणि माझी सावली माझ्यापुढे, पश्चिमेकडे पडली. ती उजवीकडून डावीकडे फिरली, लांब झाली आणि नाहीशी झाली. मी उजेडाचे मूळ पाहिले नाही. मी कोणताही आवाज ऐकला नाही. माझ्या डाव्या डोळ्याला विकार आहे आणि त्यामुळे मला कधीकधी चमक दिसते. त्या चमकेने आजवर सावली पडलेली नाही. मी त्या वेळी एकटा होतो. मागे वळल्यावर आकाशात काही होते की नाही, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. तो उजेड कशाचा होता, हे मला माहीत नाही."

डोळ्याची गोष्ट लिहू नका, असे सुगंधा म्हणाली. फौजदार तेवढेच धरतील. तिचे म्हणणे बरोबर असावे. पण ती काढली तर बाकीचेही माझ्या हातून निसटेल असे वाटले, म्हणून ठेवली. सिंगाचे नुकसान झाले तर ते माझ्यामुळे दुसऱ्यांदा होईल, हे मला ठाऊक आहे.

अभिमन


जळगाव, ता. २४ डिसेंबर

चि. अभिमन यास अनेक आशीर्वाद.

सिंगा सुटला. हे आधी लिहितो, नाहीतर तू पत्र मधूनच वाचायला घेशील.

आता सविस्तर. बावीसला साहेबांनी यावलच्या कचेरीत सगळे कागद पुढे घेतले. सुगंधा म्हणाली होती, तेच फौजदारांनी धरले. म्हणाले, या साक्षीदाराचा डोळा बिघडलेला आहे. साहेबांनी विचारले, हे तुम्हाला कोणी सांगितले? फौजदार म्हणाले, त्यानेच लिहिले आहे. साहेब म्हणाले, बरोबर, त्यानेच लिहिले आहे. मग त्यांनी 'आवाज ऐकला नाही' या ओळीवर बोट ठेवले. ज्याला खोटे रचायचे असते तो आवाज सोडत नाही, असे काहीसे बोलले. मला सगळे ऐकू आले नाही.

तरी एका सावलीवर त्यांनी निकाल दिला नाही. तुझी जबानी येताच त्यांनी धुळ्याच्या उत्तरेकडील नरडाण्याच्या स्टेशनमास्तरला तार केली होती. उत्तर माझ्यासमोर फोडले. त्या संध्याकाळी फलाटावर दिवे लावणाऱ्या हमालाने पूर्वेला उजेड पाहिला होता. सिग्नलच्या खांबाची सावली रुळांवरून फिरली, असे तो दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना सांगत होता आणि सगळे त्याला हसत होते. सावली, अभिमन. त्याला कोणी पढवले नव्हते. नरडाण्यात तुला कोण ओळखते?

साहेबांनी तार ठेवली. मग त्यांनी मला विचारले, तुम्ही तो दगड पाहिला आहे. तुमचे मत काय? इतकी वर्षे नोकरी झाली, पण मत मला कोणी विचारले नव्हते. जिभेवर जुने सगळे शब्द आले. मी म्हणालो, "तो कुठून आला ते मला माहीत नाही, सर. मी त्यावर हात ठेवला होता." साहेबांनी मान हलवली आणि म्हणाले, त्यांनाही तो पाहायचा आहे. कपचीचा तुकडा तपासणीसाठी कलकत्त्याला जाईल. दगड पाड्यात राहील.

सिंगाला सोडले तेव्हा दुपार कलली होती. रुपलीने त्याला पाहिले, उठली, आणि पदराने त्याच्या पाठीवरची धूळ झटकू लागली. कोठडीतली धूळ ती, झटकून जाते थोडीच. मी त्याला म्हणालो, तू कोणाच्या शब्दावर सुटलास माहीत आहे का? धुळ्याला माझा मेहुणा मास्तर आहे. त्याच संध्याकाळी त्याला तिथे उजेड दिसला.

सिंगा ओट्यावरच बसला. मला वाटले, चक्कर आली.

"तठे बी दिसनं?"

मी हो म्हणालो. नरडाण्यालाही दिसले, म्हणालो. नरडाणा त्याला माहीत नव्हते. किती लांब, म्हणून विचारले. मी सांगू लागलो, तर तो ऐकत नव्हता. डोंगराकडे पाहत होता. इतके दिवस त्याला वाटत होते की ते त्याच्या एकट्याच्या डोक्यावर आले. कोठडीत तो हाच विचार करीत होता, खटल्याचा नाही: माझ्यावरच का? आता तापीपलीकडच्या कोणा माणसावरही तोच उजेड पडला होता. त्याच्या चेहऱ्यावर काय होते ते मला लिहिता येत नाही, आणि या वेळी मी प्रयत्नही करीत नाही.

मग त्याने एकच विचारले.

"तो मास्तर बी घाबरना का?"

तुझ्या जबानीत ते नाही. मी सांगितले, विचारून कळवतो. पुढच्या आठवड्यात साहेबांबरोबर मोहपाणीला जायचे आहे, तो तिथे विचारील. परतीच्या टपालाने लिही.

रुपचंद


धुळे, ता. २५ डिसेंबर

ति. नाना,

आज नाताळची सुट्टी, पण टपाल निघण्याआधी हे पोस्टात टाकायला स्वतः जात आहे.

सिंगाला सांगा, घाबरलो. सावली गेल्यावर मी वाळूत खाली बसलो आणि दोन्ही मुठींत वाळू घट्ट धरली. पुरता अंधार पडेपर्यंत ती सोडली नाही.

अभिमन